वहीत न लिहिलेली कॅप्सूल

माझी थोरली नणंद दादरला राहते. दोन वर्षांपूर्वी तिचं वजन बरंच उतरलं आणि तेव्हापासून तिने माझ्या वजनाचा ध्यासच घेतला. मी भोईवाड्यात राहते, माझगावला एका ऑफिसात क्लार्क आहे. पन्नाशी उलटली तशी मी सगळीकडून सुटत गेले. त्यात थायरॉईड, त्याची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी. भात सोडला, साखर सोडली, घरून परळ स्टेशनपर्यंत चालत जायला लागले. काटा हलायला तयार नाही.

एका रविवारी नणंद मला दादरच्या एका हॉलमध्ये घेऊन गेली. टाय लावलेल्या एका माणसाने पडद्यावर आतड्याचं चित्र दाखवलं, आत रंगीत ठिपके.

"हे तुमच्या पोटातले जीवाणू. जाड माणसाचे वेगळे, बारीक माणसाचे वेगळे. चांगल्या जीवाणूंना खायला घाला, वजन तेच उतरवतील."

खायला घालायचं ते समुद्री शेवाळ, कॅप्सूलमध्ये भरलेलं. मला ते पटलं, कबूल करते. इतकी वर्षं जो तो म्हणायचा, तू जास्त खातेस. पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं होतं की दोष माझा नाही.

माझं माहेर वरळी कोळीवाड्यातलं. आईने मी आणलेली कॅप्सूलची बाटली उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय गो, हे शेवाळ? ह्याच्यावरनं पाय सरकून माझं मनगट मोडलं, नि तू ते गिळतेस?"

मी हसले, आणि दुपारी जेवणानंतर एक, रात्री एक, अशा घेत राहिले. पोट डब्यासारखं फुगायचं. नणंदेला फोन केला तर म्हणाली, "वाईट जीवाणू मरतायत. लढाई चालू आहे. सोडू नकोस."

तीन महिन्यांनी थायरॉईडची तपासणी झाली. टीएसएचचा आकडा वाढलेला, वजनही दोन किलोंनी वर. हॉस्पिटलमधली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं, "गोळी रोज घेता ना, मावशी?"

"रोज घेते."

"खाण्यावर कंट्रोल?"

"आहे."

तिने गोळीचा डोस वाढवला आणि सांगितलं, जे जे खाता ते वहीत लिहून आणा. मी लिहिलं. अर्धी भाकरी, वाटीभर आमटी, बोंबलाचे दोन तुकडे. ऑफिसात कोणाचा तरी मुलगा पास झाला, त्या पेढ्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला, तोही लिहिला. कॅप्सूल तेवढी लिहिली नाही. ती कुठे खाण्यात येते?

पुढच्या वेळी आकडा आणखी वर. डॉक्टरने वहीची पानं भराभर उलटली आणि किंचित हसली. "मावशी, एवढंच खात असाल तर वजन वाढायला नको. खरं लिहा ना."

ते हसू माझ्या डोक्यात गेलं. जाड बाई म्हणजे खोटं बोलणारी बाई, हे मी शिंप्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या नजरेत वाचत आले होते. आता इथेही तेच.

"मी खोटं लिहीत नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता. दारातली नर्स वळून बघायला लागली. "पेढ्याचा तुकडासुद्धा लिहिलाय. तुम्ही नीट वाचलंत तर दिसेल."

तिने वही मिटली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आणखी काही घेता का? पावडर, काढा, कॅप्सूल?"

मी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. तिने मोबाईलवर मोठी करून बारीक अक्षरं वाचली. "ह्यात आयोडीन भरपूर आहे. समुद्री शेवाळात असतंच. त्यानेच तुमचा थायरॉईड बिघडला असेल. आजपासून बंद करा. पहिल्या दिवशीच सांगायचं होतंत."

"तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं नव्हतंत."

"नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलंच."

"आणि जीवाणूंचं? तेही खोटं का?"

"पोटातल्या जीवाणूंचा वजनाशी संबंध आहे, त्यावर अभ्यास चाललाय. पण ही बाटली तुमचं वजन उतरवेल, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका."

संध्याकाळी मी तशीच दादरला गेले. डॉक्टरचं म्हणणं ऐकून नणंद दारातच म्हणाली, "अगं, मला बरा गुण आला तो?"

"ताई, तुम्ही रात्रीचं जेवण बंद केलंत."

"ते जीवाणूंमुळे भूकच लागत नाही म्हणून! तुझा पहिल्यापासून विश्वास नव्हता, म्हणून गुण आला नाही."

शरीर माझं बिघडलं आणि वर विश्वासही मीच कमी ठेवला. मी चहा न घेता परत आले. पुढे दोन महिने आमचं बोलणं नव्हतं.

आकडा हळूहळू उतरला, डोस पूर्वीचा झाला. वजन जिथे होतं तिथे आलं, त्याखाली काही गेलं नाही. भात अजून बंद आहे. भाताची आठवण झाली की अजून चिडचिड होते.

गेल्या महिन्यात घरच्या बारशाला नणंद आली होती. पाळण्याशेजारी बसून आमच्या धाकट्या जावेला आतड्यातले जीवाणू समजावत होती. मी मध्येच विचारलं, "तुला थायरॉईड आहे का गं?"

जाऊ म्हणाली, "हो, पहिल्या बाळंतपणापासून."

नणंदेने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिच्या ताटातला घास काढून घेतला. मी जावेचा हात धरून तिला जेवायच्या पंगतीत नेऊन बसवलं.