दोन बोटं सैल

मास्तरांनी चिमणीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सूर्य जागच्या जागी थांबला. रस्त्यावरची वाहतूक थबकली, समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर अडकून राहिला, आणि जुन्या गाड्यांच्या त्या आवारात, दोन ट्रकांच्या मधल्या फटीत, गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरीसारखी ती उभी होती. पिकल्या टोमॅटोच्या रंगाची, बुटकी, गुबगुबीत हॅचबॅक. तिने मास्तरांकडे पाहिलं. "पाहिलं म्हणजे काय, दिवे लावून पाहिलं!" मास्तर छातीवर हात ठेवून सांगत. दलाल दुसरीच कुठलीतरी गाडी गळ्यात मारायला बघत होता. त्याचं तोंड हलताना मास्तरांना दिसत होतं, आवाज मात्र येत नव्हता. "हजार गाड्यांत उभी करा, डोळे बांधून ओळखेन," असं ते पुढे आयुष्यभर म्हणत राहिले.

मास्तरीणबाईंच्या मते त्या दिवशी सूर्य नव्हताच, आभाळ होतं. दलाल बॅटरी तपासायला दिवे लावून बघत होता आणि मास्तरांना सडकून भूक लागली होती. "भूक लागली की हे कशालाही हो म्हणतात," त्या सांगत. "माझ्या वेळीही तसंच झालं."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. घर वर, दुकान खाली, आणि दुकानाला चिकटून दोन भिंतींमध्ये बसवलेलं एक चिंचोळं गॅरेज. गळ्यात टेप, कानामागे खडू, ओठांत टाचण्या. त्यामुळे गिऱ्हाइकाशी त्यांचं निम्मं बोलणं नाकातून चाले. कोट असो, विजार असो, त्यांचा एकच कायदा होता: अंगासरशी, पण दोन बोटं सैल. "घट्ट कपडा माणसाला खोटं बोलायला लावतो आणि ढगळ कपडा आळशी करतो," असं ते टाचण्या काढून ठेवून, म्हणजे अगदी गंभीरपणे, सांगत. हाच कायदा त्यांनी सगळ्या सृष्टीला लावला होता. दार, पलंग, शेजारी, सगळं दोन बोटं सैल असलं की बरं.

चिमणी तशी होती. जिथे दुसऱ्याने सायकल लावतानाही विचार केला असता अशा फटीत ती अलगद शिरायची. पेट्रोल प्यायची तेही पाहुण्याने चहा प्यावा तसं, घोटघोट आणि संकोचाने. घाऊक बाजारातून कापड आणायचं झालं की मागची सीट पाडायची आणि कापडाचा गठ्ठा डिकीतून थेट पुढच्या काचेपर्यंत सरकवायचा. मग तो गठ्ठा नवराबायकोच्या मधोमध आडवा पडे, आणि मास्तरीणबाई कुंपणापलीकडच्या शेजारणीसारख्या त्याच्यावरून मान काढून बोलत. "अहो, ऐकताय ना? की तिकडे अस्तर मध्ये येतंय?"

दर रविवारी संध्याकाळी दोघं चिमणीतून गावाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरीणबाईंच्या धाकट्या बहिणीकडे जात. तिथे पत्त्यांचा डाव असे. एरवी मुंगीला वाट देणारी ही बाई पत्ते हातात आले की वाघीण व्हायची. सख्ख्या बहिणीला सलग हरवून वर विचारायची, "अगं, तुला कोणी शिकवलंच नाही का नीट?" आठवडाभराचं टॉनिक होतं ते.

मग कधीतरी टॉनिक बंद पडलं. एका रविवारी डोकं दुखलं. पुढच्या रविवारी बहिणीचा चहा पांचट असतो, हे एवढ्या वर्षांनी अचानक लक्षात आलं. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणे पत्ते जुने झालेत, राजाच्या तोंडाकडे बघवत नाही. "तुम्ही जा की," त्या म्हणाल्या आणि खिडकीशी बसून राहिल्या. मास्तर गेले नाहीत. पत्त्यांत ते कच्चे होते, आणि बायकोशिवाय हरायला त्यांना आवडत नसे.

खरं काय ते त्यांना कोटाने सांगितलं. बाईंचा बाहेर जायचा कोट उसवला म्हणून मशीनवर आला. उजव्या बगलेतला टाका. मास्तरांनी दोरा ओवला आणि थांबले. इथे आधीचा एक दुरुस्तीचा टाका होता, त्याच्या खाली आणखी एक. हात आपलाच. माणूस पाणी ओढतो तेव्हा कपडा खांद्यावर विरतो, वाकून काम करतो तेव्हा पाठीत. बगलेत असा उसवतो तो फक्त कोणी दंडाला धरून वर ओढलं की.

आणि ओढणारे मास्तरच होते. चिमणीची सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर. तीत बसायचं नसतंच, स्वतःला सोडून द्यायचं असतं. ते सोपं. पण बाईंचे गुडघे गेल्या काही वर्षांत कुरकुरायला लागले होते, आणि उतरताना मास्तर पलीकडून फेरी मारून येत, दंड धरत आणि "एक, दोन, हं!" म्हणून खेचत. मास्तरांना तो खेळ वाटे. बहिणीच्या दारासमोर मात्र चहाचं दुकान होतं, आणि तिथली बाकं रविवारी भरलेली असत. शेवटच्या खेपेला एक बाकवाला उठून मदतीला आला होता. "आजी, जपून!" म्हणाला होता. मास्तरीणबाई कुणाच्याही आजी झाल्या नव्हत्या तोवर.

मास्तरांनी टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि जावयाला फोन केला.

जावई उंच गाड्यांचा भक्त. लग्नाच्या बोलण्यांतही तो ग्राउंड क्लिअरन्सवर घसरला होता, असं मास्तर सांगत. "बाबा, तुम्ही कॉम्पॅक्ट एसयूव्हीच घ्या," हे त्याचं वाक्य घरात घड्याळाच्या ठोक्यासारखं ठरलेलं होतं.

"कॉम्पॅक्ट म्हणजे लहान ना, जावईबापू?"

"हो, बाबा."

"आणि एसयूव्ही म्हणजे थोरली."

"तसंच काहीसं."

"मग बुटका उंट म्हणा की सरळ!"

त्या दिवशी मात्र मास्तर उंटावर हसले नाहीत. "दाखवा," एवढंच म्हणाले. फक्त एक अट घातली. "गॅरेजमध्ये बसली पाहिजे. दोन बोटं सैल. नाही बसली तर विषय संपला, चिमणी राहील." हे बोलताना त्यांचा आवाज जरा जास्तच आनंदी होता. गॅरेज किती अरुंद आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

शोरूममध्ये तिघं गेली. सगळीकडे काचा, आणि फरशी इतकी गुळगुळीत की मास्तर बर्फावर चालावं तसे चालत होते. विक्रेती मुलगी पॅनोरमा, क्रूझ, कॅमेरा अशी नावं घेत होती. मास्तरीणबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या राखाडी गाडीच्या दाराशी गेल्या, दार उघडलं आणि बसल्या. खुर्चीवर बसावं तशा. मग उतरल्या, कोणाचाही हात न धरता. मग उगाचच पुन्हा बसल्या.

"कशी वाटते गं?" मास्तरांनी विचारलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा उतरल्या. "पण तुमची चिमणी..."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. "माप घेऊ द्या आधी," ते विक्रेतीला म्हणाले. "हिला जरा हात खाली सोडायला सांगा."

"कोणाला?"

"गाडीला. हे कान-हात काय आहेत ना दोन बाजूंना, ते."

मुलीने हसू दाबत बटण दाबलं. दोन्ही आरसे शिस्तीत अंगाला मिटले. माप घेताना गिऱ्हाइकाने हात खाली सोडून सरळ उभं राहायचं, श्वास रोखायचा नाही, ही मास्तरांची जन्माची शिस्त. त्यांनी गुडघ्यावर बसून, जावयाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून, गाडीची रुंदी घेतली. पुन्हा घेतली. मग बराच वेळ टेपकडे बघत राहिले. एक आकडा थोडा वाढवून सांगितला असता तर कोणाला कळणार होतं? पण माप खोटं सांगितलं की हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने कापडाला कात्री लावता येत नाही.

"बसते," ते म्हणाले. "दोन्हीकडे दोन बोटं सैल."

जुनी देऊन नवी घ्यायची असं ठरलं. चिमणी सोडताना मास्तरांनी तिच्या टपावर थाप मारली आणि कोणी बघत नाही असं समजून हातरुमालाने तिचा एक दिवा पुसला. जावयाने तेवढ्यात नाक शिंकरलं. उंच गाड्यांचा भक्त असला तरी माणूस मऊ होता.

गाडी घरी आली. मास्तरीणबाई फाटकापाशी उतरल्या, स्वतःच्या स्वतः, आणि बघत उभ्या राहिल्या. मास्तरांनी आरसे मिटले आणि गाडी गॅरेजमध्ये घालायला सुरुवात केली. गाडी लगेच किंचाळू लागली. कुठे काही जवळ आलं की तिला पिपाणी वाजवायची सवय होती, आणि इथे तर सगळंच जवळ होतं. "गप गं," मास्तर म्हणाले आणि सुईत दोरा ओवावा तशी गाडी आत सरकवली. थेट मागच्या भिंतीपर्यंत. दोन्हीकडे अचूक दोन बोटं. आयुष्यात इतकं बिनसुरकुतीचं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

दार दोन बोटं उघडलं.

मास्तरांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडून पाहिलं. तेही कायद्याला धरूनच उघडलं.

"अहो, काय झालं?" फाटकातून बाईंनी विचारलं.

दोन बोटांच्या फटीतून आवाज आला, "गाडी बसली."

"ते दिसतंय. तुम्ही का बसलात?"

"माप उभ्याचं घेतलं," मास्तर म्हणाले. "उतरण्याचं राहिलं."

मास्तरीणबाई आधी भिंतीला टेकल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या इतक्या हसल्या की समोरच्या खिडक्या उघडल्या. खिडकीशी बसून घालवलेल्या सगळ्या रविवारांचं हसू त्यांनी तिथे एकदम फेडलं. "विजार झकास शिवलीत," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "फक्त माणसाने आयुष्यभर उभं राहायचं!"

"हसतेस काय? मागचं दार उघड!"

बाईंनी डिकी वर उचलली. मास्तर पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर आणि तिथून सामानाच्या जागेत, असे हातापायांवर रांगत आले. बाहेरून मोठी दिसणारी ही गाडी आतून चिमणीपेक्षा काही फार मोठी नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. डिकीचा काठ मात्र कमरेइतका उंच. काठावर येऊन ते अडले, एक पाय आत, एक हवेत.

"द्या हात," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला, पाय रोवले. "एक, दोन, हं!"

मास्तर बाहेर आले. त्याबरोबर उजव्या बगलेतून टर्रकन आवाज आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी हात उचलून बगलेत बघितलं, बोट घालून फट चाचपली. "मला वाटायचं, तुला मजा वाटते," ते हळूच म्हणाले.

"सुरुवातीला वाटायची," बाई म्हणाल्या. "चला, शिवून घ्या. आज रविवार आहे. आणि माझी बहीण माझ्या मागे काय काय शिकलीय ते बघायचंय मला."

त्या संध्याकाळी चहाच्या दुकानासमोर राखाडी गाडी थांबली. बाई दार उघडून उतरल्या, कोट सरळ केला आणि बाकांवरच्या सगळ्यांकडे एकदा नीट बघून आत गेल्या. बहिणीला त्यांनी सपाटून हरवलं.

गाडी तेव्हापासून रस्त्यावर असते, आणि गॅरेजमध्ये कापडाचे गठ्ठे. मास्तरांनी तिला जाड कापडाची खोळ शिवली. या खेपेला माप हात बाहेर काढून घेतलं, त्यामुळे खोळीला आरशांसाठी दोन छोट्या बाह्या आहेत. गल्लीत लोक तिला 'मास्तरांचा कोट' म्हणतात. गाडी पेट्रोल घटाघटा पिते, फटीत शिरत नाही, पिपाणी वाजवते. मास्तरांनी तिला अजून नाव दिलेलं नाही.

परवाच्या रविवारी ते सिग्नलला थांबले होते. शेजारी, बरीच खाली, नव्याने पांढरा रंग मारलेली एक बुटकी हॅचबॅक येऊन उभी राहिली. दारावर 'तुंबलेले नळ मोकळे करून मिळतील' असं लिहिलेलं, टपावर पाइप बांधलेले.

"अहो, ही चिमणी ना?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी वाकून पाहिलं. "छे," ते म्हणाले. "ही दुसरीच कुठलीतरी."

सिग्नल सुटला. नंबर चिमणीचाच होता.