घरभेटीचं मटण

कोल्हापुरात जन्मलेल्या बाईला मटणाच्या वासाची भीती वाटली असं सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. मला वाटली होती. नव्वदच्या दशकातला एक रविवार होता. शेजारी रस्सा उकळत होता आणि मी मोरीत जाऊन दार लावून उभी राहिले.

त्याचं असं झालं. बारावीला मी चांगले मार्क पाडले होते आणि पुण्याच्या एका कॉलेजात मेटलर्जीला, म्हणजे धातूंच्या शास्त्राला, माझा नंबर लागला होता. दादा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन तिथं जायची, तापलेलं लोखंड साच्यात ओतताना बघत बसायची आणि ओतलेला तुकडा मधेच का तडकतो हे विचारून सगळ्यांचं डोकं खायची. पुढं ती फौंड्री बंद पडली. दादा मार्केट यार्डात मिळेल ते काम करायला लागले. पुण्याची फी आणि हॉस्टेल म्हणजे आमच्यासाठी चंद्रच होता.

पुण्यात एक धर्मादाय संस्था होती. ती गावोगावच्या मंडळांना चांगल्या कामासाठी मदत द्यायची आणि शिकणाऱ्या पोरांची फीसुद्धा भरायची. आमच्या गल्लीतल्या तालमीनं, म्हणजे तालीम मंडळानं, अभ्यासिका बांधायला अर्ज केला आणि त्याच पाकिटात माझाही घातला. फॉर्म मी माझ्या हातानं भरला. ‘घरातील वस्तू’ असा एक रकाना होता. तिथं लिहिलं, शिलाई मशीन, सायकल, रेडिओ. टीव्ही नाही. खरं ते लिहिलं आणि विसरून गेले.

मग पोस्टकार्ड आलं. रविवारी सकाळी संस्थेचे लोक घरभेटीला येणार होते.

तालमीच्या अध्यक्षांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. गडी मनानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. ते आमच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि चारी भिंतींकडं बघून म्हणाले, “पुण्याची पावणं काय ह्या सतरंजीवर बशिवणार? गल्लीची अब्रू हाय का न्हाय?”

शनिवारी दुपारपासून सामान यायला लागलं. कोपऱ्यावरच्या सराफांचा सोफा आला. समोरच्या मास्तरांचा रंगीत टीव्ही आला. शेजारच्या चाचींनी लग्नात मिळालेला, एकदाही न वापरलेला डिनर सेट आणून आईच्या हातात दिला. “फुटला तरी चालंल गं, पोरीचं काम व्हऊदे,” म्हणाल्या. प्रत्येकजण मायेनं आणत होता आणि प्रत्येक वस्तूगणिक मला फॉर्मवरचा तो रकाना आठवत होता.

“अण्णा, फॉर्मवर मी टीव्ही नाही म्हणून लिहिलंय,” मी म्हटलं.

“मग काय झालं? त्यास्नी काय फॉर्म तोंडपाठ असतोय व्हय?”

दादांना म्हटलं, “दादा, मी खोटारडी ठरेन. तुम्ही तरी सांगा की.” दादा सोफ्याचा पाय पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “गप बस. पावणं यायच्यात.” आमच्याकडं हे एक वाक्य आलं की पुढं बोलणं संपतं. मदत मागायला बसलेल्या घरानं मदत देणाऱ्यावर छाप पाडायची, हा मूर्खपणा आमच्या कोल्हापुरातच होऊ जाणे!

रविवारी मंडळानं पाहुण्यांसाठी आणलेलं मटण शेजारी चाचींकडं शिजत असतानाच एक बाई आणि एक गृहस्थ आले. बाई पन्नाशीच्या, खादीची साडी, काखेत फाईल. त्या फाईलीत माझा फॉर्म होता. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. बाईंनी सोफ्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, मग फाईल उघडून बघितली. माझं धाबं दणाणलं. आईनं ताटं मांडायला घेतली तर बाई म्हणाल्या, “माफ करा, घरभेटीत आम्ही पाण्याशिवाय काही घेत नाही.”

“न जेवता जाताय व्हय? आमी काय मेलोय?” अण्णा गरजले. दारात सगळी गल्ली जमलेली. सराफ, मास्तर, चाची, सगळे.

बाईंनी शांतपणे दादांना विचारलं, “हे सगळं तुमचंच का?”

दादांनी एकदा दाराकडं बघितलं. “व्हय,” म्हणाले. “आमचंच की.”

त्या क्षणी मी बोलायला पाहिजे होतं. खरं बोलले तर बापाची गल्लीसमोर मान खाली जाते, गप्प बसले तर माझी जागा जाते. भीतीनं मी गप्प बसले. हो, भीतीनंच, मोठेपणा म्हणून नाही.

पुढचे दिवस पोस्टमनची सायकल वाजली की मी दाराकडं धावायची. शेवटी दोन पत्रं एकदम आली. अभ्यासिका मंजूर. माझा अर्ज नामंजूर, कारण ‘कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक आढळली.’ फी भरायला आठ दिवस राहिले होते.

तालमीसमोर फटाके वाजले आणि मी घरात भांडी आपटली. दादांना तोंडाला येईल ते बोलले. “दाखवा आता अब्रू! घाला तिला चुलीत!”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या वहीचं पान फाडलं आणि मला लिहायला सांगितलं. सोफा माझा आहे, त्याखाली सराफांची सही. टीव्ही माझा आहे, त्याखाली मास्तरांची. दारोदार फिरून त्यांनी सह्या घेतल्या. चाचींनी डिनर सेटसमोर अंगठा उठवला आणि डोळ्याला पदर लावला. आई म्हणत होती, “अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? खोटं बोलला म्हणून पोलिसात दिलं म्हंजे?” तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर कळंब्याचा तुरुंगच उभा राहिला. अठरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय!

सगळ्यात अवघड सही अण्णांची होती. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. ह्यावर सही म्हणजे तालीमही त्या खोट्यात होती हे कबूल करणं. मंजूर झालेली अभ्यासिका हातची गेली असती.

“सोफा आणायला म्याच सांगितलं हुतं,” अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान ऐकला. “अन् हीच न्हाय शिकली तर त्या अभ्यासिकेत बशिवायचं कुणाला?” त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मटण मंडळाचे होते.’

पहाटेच्या एसटीनं आम्ही बापलेक पुण्याला गेलो. संस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. बाईंनी ते पान वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबल्या. हसल्या नाहीत.

“त्या दिवशी खोटं का बोललात?”

दादा उभेच होते. “घर रिकामं दिसलं असतं तर हिला लाज वाटली असती,” ते म्हणाले. “कॉलेजात जाणारी पोर हाय.”

म्हणजे गल्लीसाठी नाही, स्वतःसाठी नाही. माझ्यासाठी. मला हे ठाऊकच नव्हतं.

बाई माझ्याकडं वळल्या. “वाटली असती?”

काय उत्तर दिलं की जागा मिळेल, काय दिलं की जाईल, काहीच कळेना. मी रडकुंडीला आले. पण एकदा गप्प बसून बघितलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “वाटली असती.”

बाईंनी फाईल पुढं ओढली आणि फी भरण्यासाठी कॉलेजचं पत्र मागितलं. ते देण्याआधी मी दादांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. “दे की पत्र,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी नजर खाली घेतली.