दोघंबी या

“दोघंबी या.” एवढंच म्हणून ती हातातला फॉर्म परत पिशवीत घालायची. नवरा एकटा आला तर बायकोला घेऊन ये म्हणायची, बायको एकटी आली तर नवऱ्याला. वसमतच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायची. पोस्टाच्या बचतीची एजंट होती. राहायची जवळच्या बंजारा तांड्यावर. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून आमचे डॉक्टरसुद्धा तिला याडीच म्हणायचे.

एजंट म्हणजे गोड बोलून सही घेणारा माणूस, असाच अनुभव तुम्हालाही असेल. ही चालत आलेलं गिऱ्हाईक माघारी पाठवायची. आमच्या क्लार्कने एकदा तिला सांगितलं, की माझ्या बायकोला पैशातलं काही कळत नाही. याडी बरं म्हणाली, पण फॉर्म दिला नाही. शेवटी वैतागून तो बायकोला घेऊन आला. त्या माउलीने किराणा, गॅस, लेकराची फी, सासऱ्याच्या गोळ्या, असा महिन्याचा सगळा खर्च एका दमात सांगितला. वर नवऱ्याच्या पगारातून काय काय कापलं जातं, तेही. क्लार्क खिडकीबाहेर बघत राहिला. याडीने खातं दोघांच्या नावाने उघडलं आणि ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

मला मुलीच्या शिक्षणासाठी महिन्याला थोडी रक्कम टाकायची होती. माझे मालक बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला. माझी ड्यूटी कधी सकाळी, कधी दुपारी; पेरणीच्या दिवसांत त्यांना जेवायलाही सवड नसे. त्यांना यायला वेळ नाही, असं मी याडीला सांगितलं.

“टाइम न्हाई म्हनूनच तर,” ती म्हणाली आणि एका रविवारी आमच्या घरीच आली.

चहा झाल्यावर तिने विचारलं, महिन्याचा पैसा कुठं कुठं जातो. ती लिहून घेत नव्हती, नुसती ऐकत होती. मी घरभाडं, दूध, फी सांगत गेले, आणि शेवटी दोन हजार भिशीचे म्हणाले.

“कोनती भिशी, सिस्टर?”

दवाखान्यातल्या सगळ्या भिश्या तिला माहीत होत्या. माझं नाव एकीतही नव्हतं. ते दोन हजार दर महिन्याला सेनगावला माझ्या आईकडे जात होते. तिचे गुडघे गेले होते आणि भाऊ बघत नव्हता. लग्न झालेली लेक माहेरी पैसे पाठवते म्हटल्यावर घरात काय वाटेल, या भीतीने मी तीन वर्षं भिशीचं नाव सांगत होते. त्या दिवशी खोटं पुढे रेटता आलं नाही. मी खरं ते सांगून टाकलं.

मग मालकांनीही सांगितलं, की मित्राच्या गाडीच्या कर्जाला ते जामीन राहिले होते आणि चार महिन्यांपासून त्याचे हप्ते तेच भरत होते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

याडीने कप खाली ठेवला. आज फॉर्म राहू द्या, पुढच्या महिन्यात येते, असं म्हणून ती निघून गेली. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला तिचाच राग आला होता. चांगलं चाललेलं घर या बाईने उचकटलं, असं वाटत होतं.

पाचव्या दिवशी जेवताना मालक म्हणाले, “आईला पैसे देतीस त्याचा राग न्हाई मला. भिशी म्हनलीस, त्याचा हाय.”

मी म्हणाले, माझंही तसंच आहे.

त्या रात्री त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर महिन्याचा खर्च लिहून काढला. पहिल्याच ओळीत ‘सेनगावच्या आई’ होतं. भाडंसुद्धा त्याच्याखाली. जामिनाचं ओझं पुढेही वर्षभर राहिलं, मुलीची रक्कम ठरवल्याच्या निम्म्यावर आली. पण ओझं दोघांचं झालं, की कमरेत वाकायला होत नाही.

पुढे कधीतरी मी याडीला विचारलं, की तुम्ही एवढा हट्ट काहून धरता. तेव्हा तिने सांगितलं. तिचा नवरा कापसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. अपघातात गेला. घरात फुटकी कवडी सापडली नाही. चार वर्षांनी दिवाळीची सफेदी करताना देवाच्या फोटोमागे एका पतपेढीचं पुस्तक निघालं. तो दर महिन्याला तिच्या नावाने पैसे टाकत होता. तोवर पतपेढीला टाळं लागलं होतं.

“पैसा गेला त्याची तकलीफ न्हाई, सिस्टर,” ती म्हणाली. “चार वर्सं मी समजून राहिले, का ह्यानं आपल्यासाठी काहीच ठेवलं न्हाई. मेलेल्या मानसावर रुसून राहिले मी. आता माफी कुनाला मागू?”

गेल्या उन्हाळ्यात याडी आमच्याच वॉर्डात दाखल झाली आणि आठ दिवसांत गेली. महिन्याभराने तिची लेक मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक प्रत घ्यायला आली. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, पोस्टाचं, बँकेचं काही अडलंय का म्हणून विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. खाती, वारसाचं नाव, पेटीची किल्ली, कुणाचं किती द्यायचं, सगळं याडीने तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं. एका दिवसात कामं उरकली होती. बरं झालं, शोधाशोध वाचली, असं मी म्हणाले.

“तेच तर, सिस्टर,” ती म्हणाली. “मानूस गेल्यावर घर उचकून बघतेत. काही तरी निघतं. त्याच्यात दिवस जातेत. माझ्या आईनं हुडकायला काहीच ठेवलं न्हाई.”

दाखल्याची प्रत तयार व्हायला अजून अवकाश होता. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि माझी ड्यूटी संपली होती तरी मीही तिच्याशेजारी बसले.