टाचेमागची शीर

बाबा सिंदी गावात माणूसभर उंच बोऱ्यात, म्हणजे पोत्यात, उतरून पायांनी कापूस दाबायचे. त्या हंगामात त्यांच्या टाचेमागची शीर सुजली. सकाळी पहिलं पाऊल टाकताना ते भिंत धरत. वर्ध्याच्या डॉक्टरांना ना मराठी येत होतं, ना हिंदी, म्हणून बाबांनी इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला, त्यांच्या लेकीला, सोबत नेलं.

डॉक्टरांनी बाबांचं काम विचारलं. खरं सांगायची लाज वाटून मी ‘शेती’ म्हटलं. त्यांनी चपलेत टाचेखाली ठेवायला रबराचा तुकडा दिला.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, “काय म्हणते डॉक्टर?”

मी सांगितलं.

“चपला घालून कापसात उतरू काय वं माय?” ते हसले.

परत आत जाऊन खरं काम सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी बाबा अनवाणीच बोऱ्यात उतरले.