नदीपलीकडचा शेजार

शब्द देताना दादा माऊस सोडायचे. उजवा हात वर करून पाचही बोटं आम्हाला दाखवायचे आणि मगच म्हणायचे, "दिला. आता विषय संपला." माऊसवर हात ठेवून दिलेला शब्द त्यांना मान्य नव्हता. बोलता बोलता बोट कुठंही पडतं, असं त्यांचं म्हणणं.

मंगळवार पेठेत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मध्ये एक विटेची भिंत. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, कपाळावरचा चष्मा दुकानभर शोधणारा असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी पेठेत पाहिला असेल. पण तो माणूस रविवारी सकाळी शटर अर्धं ओढून चार जुन्या कॉम्प्युटरांवर राज्यं चालवतो, हे तुम्ही पाहिलं नसणार. मीही पाहिलं नव्हतं. दुरुस्तीला टाकलेली मशीन न्यायला एका रविवारी गेले, तर आत तीन माणसं पडद्याला डोळे लावून बसलेली. दादा स्वतः, शेजारच्या गल्लीतले भांडीवाले अण्णा आणि बिद्री गावाहून मोटारसायकलवर येणारे एक ड्रॉइंग मास्तर.

"बसा की ताई," दादा म्हणाले, "एक राज्य रिकामं हाय."

मी बसले ती सात वर्षं बसले.

खेळ साधा होता. प्रत्येकाचं एक राज्य, बाकीची राज्यं कॉम्प्युटर चालवायचा. शेती वाढवा, किल्ले बांधा, शेजाऱ्याशी तह करा. गंमत होती ती तह मोडण्यात. एकाशी केलेला तह मोडला की पडद्यावरच्या सगळ्याच राजांचे चेहरे पडायचे. ज्याचं काही बिघडलेलं नाही तोही तोंड फिरवायचा, व्यापार बंद करायचा. दादांकडे बघून मात्र सगळे राजे हसायचे. ते आम्हाला बोलावून दाखवायचे, "हे बघा. त्यास्नी माझं सैन्य दिसत न्हाय, माझं नाव दिसतंय."

अण्णांची गोष्ट उलटी. अण्णा जैन. कांदा-बटाटा नाही, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारे. या गृहस्थांनी तह चालू असताना मास्तरांची तीन शहरं जाळली. वर म्हणाले, "खेळातली हिंसा धरत न्हाईत." पुढच्या डावात कॉम्प्युटरनं त्यांना कोरी पाटी दिली, आम्ही दिली नाही. दोन वर्षं त्यांच्याशी कुणी तह केला नाही. मी त्यांच्या दुकानात कुकर घ्यायला गेले तेव्हा झाकण तीनदा लावून बघितलं. अण्णा वैतागले, "ताई, कुकर खरा हाय की!"

दादांच्या आणि माझ्या राज्यांमध्ये प्रत्येक डावात एखादी नदी असायचीच, कारण आम्ही मुद्दाम शेजारची राज्यं घ्यायचो. डाव सुरू झाला की ते विचारायचे, "काय राणीसरकार, तह?" मी हो म्हणायचे, हात वर व्हायचा. त्यानंतर नदीकाठी मी एक शिपाई ठेवत नसे. मास्तर हसायचे. मी म्हणायचे, तिथं कशाला शिपाई, तिथं दादा आहेत.

दुकानातही त्यांचा शब्द तसाच. चार वाजता मशीन देतो म्हटलं की चारला मिळायची. त्यामुळे पडद्यावरचा शब्द आणि भिंतीपलीकडचा शब्द यांत मी फरक करणंच सोडून दिलं. माझी चूक झाली ती इथं.

माझा गाळा म्हणजे एक कपाट. आत मशीन आणि मी, गिऱ्हाईक बाहेर उन्हात. परीक्षेच्या फॉर्मांच्या दिवसांत रांग रस्त्यावर जायची. एकदा एक पोटुशी बाई रांगेतच चक्कर येऊन खाली बसली. तिला पाणी देताना मी ठरवलं, शेजारचा गाळा मिळाला तर भिंत पाडायची, लोकांना बसायला बाक टाकायचा. दादा अधूनमधून म्हणायचे की थकलो, लेकीकडं पुण्याला जातो. ते ज्याचं नाव सुचवतील त्यालाच इमारतीचे मालक गाळा देणार, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. मी धीर करून विचारलं.

त्यांनी पक्कड खाली ठेवली. हात वर केला. "ताई, गाळा सोडायचं ठरलं की पयल्यांदा तुमास्नी सांगीन. तुमच्याबिगर कुणाला जाणार न्हाय. दिला."

त्या दिवशी घरी जाऊन मी वहीच्या मागच्या पानावर बाक कुठं येईल ते काढून ठेवलं.

पुढच्याच वर्षी एका रविवारी त्यांचं सैन्य नदी ओलांडून आलं.

मला आधी हसू आलं. वाटलं, बोट चुकलं. "दादा, तुमची माणसं वाट चुकली बघा."

"न्हाय ताई," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "मुद्दाम आलोय."

ताई म्हणाले, राणीसरकार नाही. मास्तर खुर्चीतून उठून मागे येऊन उभे राहिले. अण्णा तर इतके दुखावले की कुणाला वाटावं त्यांचंच राज्य बुडालं.

"अवो, तुमी शब्द दिलता!"

"व्हय. मोडला."

अर्ध्या तासात माझी चार शहरं गेली. पडद्यावरचे राजे एकेक करून त्यांच्याकडे पाठ फिरवत होते आणि ते चष्मा कपाळावर सरकवून डोळे पुसत होते. मला वाटलं, पडद्याकडे बघून पाणी आलं असेल. चिडून मी चहा न घेताच निघाले. खेळच आहे, असं दोन दिवस स्वतःला समजावलं.

मंगळवारी एक तरुण पाव्हणा मोजपट्टी घेऊन त्यांच्या दुकानाबाहेर उभा दिसला. मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकतोय म्हणाला. दादांच्या जावयाचा धाकटा भाऊ.

मी आत गेले. ते जुन्या वायरी गुंडाळत होते.

"गाळा दिला?"

"दिला."

"मला सांगणार होता."

"चार येळा तुमच्या दारापतुर आलतो, ताई. तोंडच उघडंना. लेकीच्या सासरचा आग्रह. तिला तितं राहायचं हाय, मी न्हाय कसं म्हणू?" मग खाली बघत म्हणाले, "म्हणून आधी तितं मोडला. म्हटलं, खेळात शिव्या खाल्ल्या की ह्ये सांगायला सोपं जाईल. तुमीच म्हणाल, हा माणूस असलाच."

"मला राज्य नको होतं, दादा," मी म्हटलं. "गाळा हवा होता."

त्यांनी वायर खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी आणखीही बोलले. तुम्ही मला फसवलं, असं स्वच्छ म्हटलं. लेकीची अडचण मला कळत होती, पण त्यासाठी माझा बाक का जावा, हे कळत नव्हतं. ते वायर गुंडाळत राहिले. त्यांचा टेम्पो निघाला तेव्हा पेठेतली निम्मी माणसं निरोपाला उभी होती. मी मशीनमध्ये कागद अडकल्याचं निमित्त करून आतच बसले. मशीन बंद होती.

आता भिंतीपलीकडे दिवसभर गाणी वाजतात. माझं गिऱ्हाईक अजून उन्हात उभं राहतं. रविवारचा खेळ मोडला. मी ज्यावर खेळायचे तो कॉम्प्युटर त्यांनी जाताना अण्णांच्या हाती माझ्याकडे पाठवून दिला. सहा महिने त्याला हात लावला नाही. परवा रविवारी दुकानातच सहज चालू केला, तर तोच डाव आत होता. खेळणारा सोडून गेला की त्याचं राज्य कॉम्प्युटर चालवायला घेतो, पण नाव त्या माणसाचंच राहतं. मी उरलेल्या दोन शहरांत शेती सुरू केली, नदीकाठी पहिल्यांदाच शिपाई उभे केले.

थोड्या वेळानं पडद्यावर चौकट आली. वर दादांचं नाव, खाली विचारलेलं, तह करणार का?

मी 'नाही' दाबलं. मग दुकान बंद करायचं सोडून तशीच बसून राहिले, पुन्हा विचारतील म्हणून.