दीडशे भोकं आणि एक सही

साइटवर तिला सगळे मोजणीबाई म्हणत. पाइप जिथून भिंतीच्या पार जातो, तिथे भोवती उरणारी फट आग अडवणाऱ्या सीलंटने भरायची असते. बारा वर्षं तिने हाताने त्या फटी भरल्या. मग गुडघे बोलू लागले, तेव्हा शिडी सोडून ती कोणत्या भोकाला सीलंटच्या किती नळ्या लागतील याचा अंदाज काढू लागली. तिच्याकडे शिंप्याची फीत आणि खडू, एवढीच हत्यारं. पाइपाभोवती एकदा फीत, भोकाच्या कडेने एकदा फीत, मग खोली. आणि उत्तर थेट भिंतीवर.

नव्या इंजिनियरने तिच्यापुढे कागद सरकवला. चौथा मजला, दीडशे भोकं, दोनशे नळ्या.

"मावशी, खाली सही करा. आज मागणी जाऊ दे."

"हा हिशोब गोल भोकांचा आहे."

"भोकं गोलच असतात."

"नकाशात. चौथ्या मजल्यावर भोकं पाडायचं मशीन बंद पडलं, तेव्हा छिन्नी-हातोडीने फोडलीत ती. एकेक पाहा, उंदराने कुरतडल्यासारखं."

"तुमचा आकडा काय?"

"पावणेचारशे."

इंजिनियर हसला. "मावशी, तुम्ही काय सीलंटने भिंत सारवणार आहात?"

"मावशी म्हणताय, तर मावशीचं ऐकायलाही शिका."

तो हसायचा थांबला. उद्या सकाळपर्यंत सही नसेल तर मोजणीला दुसरं कुणी येईल, एवढं सांगून तो गेला.

घरी सासूबाई खिडकीपाशी शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "करून टाक ना सही. तुझं काय जातं?"

"भरल्यासारखं दिसेल, आई. वरून रंगही लागेल. आग लागली तर धूर रंगाला विचारून येणार नाही."

"आणि काम गेलं तर?"

ती त्यांच्या शेजारी बसली. सासूबाईंनी ताट तिच्याकडे सरकवलं आणि दोघी सोलत राहिल्या. शेवटी सासूबाई पुटपुटल्या, "तुझ्या सासऱ्यांशी भांडायला मलाही अशीच अक्कल यायला हवी होती."

सकाळी ती कागद घेऊन चौथ्या मजल्यावर गेली, सही न करता. इंजिनियर आला, तेव्हा तिने नळीतलं सीलंट दाबून बाहेर काढणारी बंदूक भरून तयार ठेवली होती.

"भोक भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भरायचं. म्हणजे तुमच्या कागदाप्रमाणे एका बाजूला नळीचा दोन तृतीयांश भाग. एक तृतीयांश मी आधीच काढून टाकलाय. भोक तुम्ही निवडा."

त्याने त्यातल्या त्यात नीट दिसणारं भोक निवडलं. ती गुडघ्यांवर बसली. गुडघ्यांतली कळ सोसत तिने बंदुकीचा चाप दाबला. पांढरी वळी पाइपाभोवती फिरत गेली, अर्ध्याहून थोडी पुढे गेली आणि संपली. उरलेल्या कडेला, सीलंटच्या आधाराला फटीत कोंबलेली न जळणारी लोकर उघडीच दिसत होती.

"हे एकच असेल असं," तो म्हणाला.

"मग दुसरं निवडा."

दुसरंही अर्ध्यावर राहिलं. तिसऱ्याला त्यानेच बंदूक हातात घेतली, सीलंट पातळ ओढून पाहिलं.

"आता ओढलंत," ती म्हणाली, "पण थराची खोली गेली. बोट घाला."

त्याने घातलं. बोट अडलंच नाही, थेट लोकरीत रुतलं. बाजूला उभे असलेले प्लंबर दुसरीकडे बघत हसू दाबत होते.

हात पुसत तो म्हणाला, "ठीक आहे. तुमचा आकडा. पण जबाबदारीही तुमची. एक नळीही उरली, तर वर उत्तर तुम्ही द्यायचं."

"उरतील. चार-पाच उरतीलच. तशा जादाच धरल्यात मी, कुणाचा हात चुकला तर असाव्यात."

"तेही लिहून देणार?"

"आणा इकडे."

तिने दोनशेवर आडवी रेघ मारली, शेजारी आपला आकडा घातला, चार-पाच उरतील हेही लिहिलं आणि खाली संपूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. आजवर नुसत्या आद्याक्षरांवर भागवत असे. मग फीत गळ्यात अडकवून ती पाचव्या मजल्याच्या जिन्याकडे निघाली. तिथली भोकंही मशीनने पाडलेली नव्हती.