आधी चूळ भरा

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरात, उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या कायम भरून ठेवलेला असे. तो बाबांसाठी. बाबा बिडी ओढत आणि आईला ते मुळीच खपत नसे. जिन्यात बाबांची चाहूल लागायच्या आत तिला वास लागे. "आधी चूळ भरा, मग आत या," ती स्वयंपाकघरातूनच ओरडे.

वासावरून तिला बाबांचा अख्खा दिवस कळायचा. पाचोळा जळाल्यासारखा कडवट वास म्हणजे बिडी. म्हणजे घाटावर नावाड्यांशी गप्पा झाल्या, स्वारी खुशीत. शर्टाच्या कॉलरला चिकटलेला कोरडा वास सिगरेटचा. सिगरेट ते चिडले की ओढत, तेव्हा ऑफिसात साहेबाशी वाजलं हे नक्की. गुळमट वास आला की गल्लीतल्या वकिलांकडे हुक्क्याला बसले होते. एकदा चिलमीचा उग्र दर्प घेऊन आले, तर आईनं त्यांना अंगावरच्या कपड्यांसकट गंगेवर परत पाठवलं. "हमने नहीं पी, बस बगल में बैठे थे!" घाबरले की बाबा हिंदीत शिरायचे.

पुढे धाप लागू लागली, तेव्हा त्यांनी सगळंच सोडलं. तांब्या घासूनपुसून आत गेला.

मग तो साथीचा ताप आला आणि आईचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. फोडणी करपली तरी तिला कळेना. नाकावर माशी बसू न देणारी माझी आई स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी बसून राहायची. मला ते बघवत नसे. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास रोज हुंगायला द्या. लवंग झाली, लिंबू झालं, हिंग झाला, कापूर झाला. शेवटी बाबांनी नावाड्याकडून एक बिडी मागून आणली आणि आईच्या समोर बसून पेटवली.

"आला का वास?"

"नाही हो."

त्यांनी आणखी एक झुरका घेतला आणि खोकून खोकून लाल झाले. मी बिडी हिसकावून घेतली.

"जन्मभर चोरून ओढली," बाबा म्हणाले, "आज तोंडासमोर ओढली, तर हिला पत्ता नाही." ते हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. बाबांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या थंडीत छातीच्या दुखण्यानं बाबा गेले.

वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई थांबली. "बिडीचा वास येतोय गं." मी जिना पाहिला, गच्ची पाहिली. कुणी नव्हतं. पण मला कोण आनंद झाला! नाक परत येतंय म्हणून मी धावत हिंगाची डबी आणून तिच्या नाकाशी धरली. त्याचा वास नाही. कापराचा नाही. फक्त बिडीचा, आणि तोही रोज संध्याकाळी, बाबा घाटावरून यायचे त्या सुमाराला.

डॉक्टर म्हणाले, हा नसलेला वास आहे. त्या तापानंतर काहींना असं होतं, गोळीनं थांबेल.

घरी येऊन मी गोळी आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला.

"हिनं काय होईल?"

"तो वास जाईल, आई."

तिनं गोळी उचलून माझ्या हातात परत दिली. पाणी मात्र घेतलं. फळीवरचा तांब्या काढून त्यात ओतलं, आणि तो उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला.